गाडी तापते जी, ऑइल कूलर लावू काय?



मृग लागला. पऱ्हे टाकायची गडबड सुरू असेल, तरी आज धानावर किंवा खोडकिड्यावर लिहीत नाही. गेल्या महिन्यात इटियाडोहच्या कालव्याखालच्या एका गावातून पत्र आले. त्यातल्या प्रश्नाचे उत्तर पावसाच्या आधीच द्यायला हवे, नाहीतर रोवणीत एका घराचे नुकसान होईल आणि त्याच वाटेने जाणाऱ्या आणखी चार घरांचेही.

पत्र मुलाने लिहिले होते. वय पंचवीसच्या आतले असावे. बंद पडलेल्या जनरेटरचे दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन त्याने विकत घेतले आणि गावच्या वेल्डरकडून चारचाकी छोटी गाडी बांधून घेतली. बांधीतून पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहायच्या, खताच्या गोण्या न्यायच्या, धानाचे कट्टे पांदणीने घरी आणायचे, असा हिशेब. दोन हंगाम गाडी चालली. या उन्हाळ्यात मात्र अर्धा तास झाला की इंजिन भट्टीसारखे तापते, ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. मोटरसायकलला असतो तसा ऑइल कूलर लावावा असे एका मिस्त्रीने सुचवले. लावू काय, असा त्याचा सवाल.

त्याच कागदाखाली वेगळ्या अक्षरात त्याच्या आईच्या दोन ओळी होत्या. “साहेब, पोरगा गाडीपायी अजून पैसे घालतो म्हणते. उन्हाळी धानाचे पैसे येऊन राहिले, त्यातून बियाणं-खत घ्यायचं आहे. घालू देऊ का नाही, सांगा जी.”

मला प्रश्न दोघांचाही पटला. मी बी.एस्सी. ॲग्री., मिस्त्री नव्हे. पण तीस वर्षे पंप, टिलर, मळणीयंत्रे यांच्याभोवती उभे राहून हात काळे झालेले आहेत. पत्राने उत्तर देण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहावे म्हणून गोठणगावच्या तिबेटी वसाहतीवरून तिकडे गेलो. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण १९७० साली झाले आणि त्याच्या पाण्यावर इकडे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात व पुढे गडचिरोलीकडे आरमोरी, वडसा भागात धान उभा राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. उन्हाळी धान कापणीला आला होता. झाडाखाली पारा ४४ अंश. अशा दिवशी माणूससुद्धा तापतो, इंजिनाचे काय घेऊन बसलात.

आधी हे इंजिन कसले ते सांगतो. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकलेले असतात आणि खाली एकाच क्रँकला जोडलेले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना मागे बाके जोडून दिल्लीत फटफटी रिक्षा केल्या होत्या, त्या अशाच व्ही आकाराच्या इंजिनावर कित्येक वर्षे धावल्या. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पाकळ्या असतात, मिस्त्री त्यांना फिन म्हणतात. त्यांच्यावरून वारा गेला की उष्णता निघते. मोटरसायकल धावते म्हणून तिला वारा मिळतो. त्यातही मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असल्यामुळे जास्त तापतो. जनरेटरचे इंजिन एका जागी उभे, म्हणून त्याला स्वतःचा पंखा असतो आणि पंख्याचा वारा दोन्ही सिलिंडरांवर सारखा वळवणारी पत्र्याची कव्हरे असतात. आपल्याकडे एका सिलिंडरची हवेवर थंड होणारी डिझेल इंजिने पुष्कळ आहेत. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने ती घरोघरी नेली. तत्त्व तेच.

आता ऑइलचे काम काय? वंगण देणे, हे सगळे जाणतात. पण हवेवरच्या इंजिनात ऑइल अर्धे पाण्याचेही काम करते. वारा बाहेरच्या पाकळ्यांना लागतो. पिस्टनच्या पोटाला, बेरिंगला तो पोचत नाही. तिथली उष्णता ऑइल उचलते आणि खाली चेंबरमध्ये आणते. ऑइलच तापून पातळ झाले की दाब उतरतो, बेरिंगमधला पापुद्रा फाटतो आणि धातूला धातू घासतो. साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान ऑइल सुखात असते. १२० च्या वर त्याचे आयुष्य भराभर घटते. त्यापुढे दर दहा अंशांना ते खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे.

ऑइल कूलर म्हणजे गरम चहा बशीत ओतणे, दुसरे काही नाही. कपातला चहा तितकाच, पण बशीत पसरला की वारा जास्त लागतो आणि लवकर निवतो. बारीक नळ्या, नळ्यांना पातळ पाकळ्या, आतून ऑइल, बाहेरून वारा. बजाजची पल्सर २२० ही गाडी २००७ साली आली, तिच्या पुढे इंजिनाच्या अंगाला छोटी जाळी दिसते, तो ऑइल कूलर. तेव्हा वस्तू काही परदेशी किंवा अनोखी नाही. प्रश्न एवढाच की आपला चहा खरोखर फार गरम आहे का, की चुलीतच जास्त लाकडे घातली आहेत?

म्हणून मी पोराला म्हटले, “कूलर नंतर. आधी ताप मोजू.”

ताप हाताने मोजू नका. साठ अंशांचा धातूही हाताला सोसत नाही आणि एकशेचाळीसचाही नाही, मग हाताला काय कळणार? धातूची लांब काडी असलेला, दोनशे अंशांच्या वर दाखवणारा डिजिटल तापमापक मिळतो. इंजिन बंद करून ऑइलची काडी काढायची आणि त्या भोकातून तो लगेच आत सोडायचा. दुधाचा काचेचा तापमापक चुकूनही आत सोडू नका. तो शंभरच्या पुढे जात नाही, फुटतो, आणि मग काच वेचायला अख्खे इंजिन उघडावे लागते. लांबून रोखायचा पिस्तुलासारखा तापमापक असेल तर चेंबरवर काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि तिथे रोखा. चकाकत्या ॲल्युमिनियमवर तो खराखुरा आकडा दाखवत नाही, कमीच दाखवतो.

आठ कट्टे भरून कालव्याच्या वाटेने अर्धा तास गाडी फिरवली. ऑइल १३७ अंश. पोराचा चेहरा उतरला. आई ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. तिने विचारले, “म्हणजे गेली काय जी?” मी म्हटले, गेली नाही बाई, तिला बोलता येत नाही म्हणून ती तापून सांगते.

मग पंख्यावरचे पत्र्याचे कव्हर उघडायला लावले. आत काय असेल? तणसाचा गोळा, त्यात चिंध्या आणि मऊ कोंडा. उंदराने घर केले होते. पावसाळ्यात गाडी धानाच्या ढोलीशेजारी उभी असे. उंदराला ऊबदार, कोरडे, मांजराचा पंजा न पोचणारे याहून चांगले घर कुठे मिळणार? एका सिलिंडरच्या पाकळ्या अर्ध्याच्या वर झाकलेल्या होत्या. दुसऱ्यावर ऑइलच्या ओलाव्याला चिकटलेली धूळ आणि तूस यांचा लेप. बाहेरून पुसूनपासून चकाचक ठेवलेली गाडी, आत ही तऱ्हा. हवेवरचे इंजिन घेतले म्हणजे पाण्याची कटकट गेली, हे खरे. पण रेडिएटरमध्ये पाणी पाहायची सवय जाते तशी पाकळ्या पाहायची सवय मात्र लागत नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळी कापणीआधी आणि दिवाळीच्या मळणीआधी, ते कव्हर उघडाच. चार-सहा नट असतात.

साफ करताना पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, कचरा आत दाबला जातो. लाकडाची काडी, ब्रश, आणि मग कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर. इंजिन थंड असताना.

सफाई झाली, तोच बोजा, तीच वाट. १२४ अंश. एका उंदराचे तेरा अंश!

दुसरी गोष्ट मला आपोआप दिसली. दोन सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत एक वाकडा पत्रा असायला हवा होता, तिथे नुसती भोके. विचारले तेव्हा पोराने कोपऱ्यातून तो आणून दाखवला. “हा बिनकामाचा वाटला जी, खडखड करत होता म्हणून काढला.” तो पत्रा दिसायला भिकार, पण पंख्याचा वारा पाकळ्यांच्या आतून जावा, बाजूने पळू नये, हे काम त्याचे. बांधीला धुरा नसेल तर पाणी कुठे थांबते? वाऱ्याचेही तसेच. खडखड थांबवायला त्याला रबराचे वॉशर लावले आणि जागेवर बसवला.

तिसरी गोष्ट गाडी हाकण्याची. हा पोरगा इंजिन हळू ठेवून वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत होता. पेट्रोल वाचते आणि इंजिनाला त्रास होत नाही, अशी समजूत. आपल्याकडे बहुतेकांची असते, कारण बैलाला हळू हाकले की तो दमत नाही. पण या इंजिनाचा पंखा क्रँकवरच बसवलेला आहे. इंजिनाचे फेरे निम्मे झाले की वाराही निम्म्याच्या आसपास येतो, ओझे मात्र तेवढेच राहते. जनरेटरमध्ये हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालायला बांधलेले असते. ओझे असेल तेव्हा गिअर खालचा घ्या आणि फेरे चढू द्या. आवाज मोठा येतो, पण ताप कमी राहतो. आणि मुक्कामी पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, ओझे उतरवेपर्यंत दोन-तीन मिनिटे चालू राहू द्या. इंजिन थांबले की पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच शिजते.

चौथी गोष्ट विचारता विचारता निघाली. लाल दिवा लुकलुकायला लागल्यावर कुणीतरी सांगितले की ऑइल घट्ट कर. म्हणून त्याने गिअरचे ९० नंबरचे ऑइल त्यात मिसळले होते. हे पाप करू नका. घट्ट ऑइल बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही, घुसळून स्वतःच जास्त तापते, आणि गिअरच्या ऑइलमधली औषधे इंजिनासाठी नसतात. सगळे काढून टाकले. इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड भरला. अशा पेट्रोल इंजिनांना आपल्या उन्हाळ्यात बहुधा एस.ए.ई. ३० सांगितलेले असते. पुस्तिकेत शंभर तासांनी बदला असे असेल तर आपल्या धुळीत आणि उन्हात पन्नास तासांनी बदलणे स्वस्त पडते.

हे सगळे झाल्यावर सपाट वाटेवर ११४ अंश आले. खर्च म्हणाल तर ऑइल आणि रबराचे दोन वॉशर.

कित्येकांची गोष्ट इथेच संपेल आणि कूलरचा विचार सोडून द्यावा. या घरचे थोडे वेगळे होते. त्यांचे शेत कालव्याच्या पलीकडे, आणि धानाचे बारा कट्टे घेऊन पाळीचा चढ चढायचा असतो. तसा चढवून पाहिला तर १२१. मे महिन्याच्या उन्हात, दिवसाला आठ-दहा खेपा. म्हणजे ऑइल रोज कडेवर उभे. शिवाय आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे पऱ्हे भाड्याने वाहण्याचा त्याचा बेत होता. भाड्याची गाडी रोवणीत तीन दिवस बंद पडली तर तीन दिवसांचे भाडे जातेच, पण ज्यांचे पऱ्हे उपटून बांधावर वाळत पडतात त्यांना तोंड कसे दाखवायचे? तेव्हा मी आईला म्हटले, इथे कूलरचा खर्च वायफळ नाही. पण पोराने जो आणला आहे तो नाही.

कारण पोराने तोवर भंगारातून एका मोटरसायकलचा जुना कूलर आणून ठेवला होता. दिसायला झकास. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका स्नेह्याच्या हवेवरच्या इंजिनाला मीच असा भंगारातला कूलर लावायला सांगितले. डिझेलने धुतला, हवा मारली, लावला. दहा दिवसांत बेरिंगे खाऊन इंजिन जाम. नंतर कूलर कापून पाहिला तर नळ्यांच्या कोपऱ्यांत चकाकणारी धातूची भुकटी. ज्या गाडीवरून तो निघाला होता तिचे इंजिन घासून गेले असणार, आणि तो सगळा चुरा कूलरमध्ये जाऊन बसला होता. बारीक वेड्यावाकड्या नळ्यांतून तो धुऊन निघत नाही. गरम ऑइल लागले की हळूहळू सुटतो. त्या स्नेह्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटते. त्या वर्षी त्याने इंजिनासाठी बैल विकला होता. तेव्हापासून माझे सांगणे ठाम आहे. पाइप जुना चालेल, पत्रा जुना चालेल, कूलर मात्र नवा.

पोराला पटायला वेळ लागला. त्याने पैसे मोजले होते. आईने मधेच विचारले, “दुसऱ्याच्या घरच्या दुखण्याचं अंथरूण आपल्या घरी आणावं काय?” मग तो गप्प झाला. मला इतके नेमके सुचले नसते.

आता ज्यांना खरोखर लावायचा आहे त्यांच्यासाठी.

पहिले म्हणजे तुमच्या इंजिनाला लागतो का ते पाहा. इंजिनाच्या अंगाला डब्यासारखा गोल, आटे फिरवून बसवलेला ऑइल फिल्टर असेल तर आत दाबाचा पंप आहे, आणि कूलर जोडता येतो. आपल्या फवाऱ्याच्या किंवा छोट्या पाणीपंपाच्या पाच घोड्यांच्या एका सिलिंडरी इंजिनांत बहुधा असा फिल्टर नसतो. तिथे कनेक्टिंग रॉडला लागलेली पळी ऑइल उडवते, तेवढेच वंगण. त्यात पंपच नाही, तर कूलरपर्यंत ऑइल ढकलणार कोण? त्याला कूलर लावून देतो म्हणणारा मिस्त्री भेटला तर नमस्कार करून घरी या. पॉवर टिलरवाल्यांनीही या भानगडीत पडू नये. त्यांचे इंजिन बहुतेक पाण्यावर थंड होते. त्याचे पाणी आणि जाळी पाहा.

जोडणी फिल्टरच्या जागी होते. फिल्टर काढून त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये एक जाड चकती बसवतात, तिला सँडविच प्लेट म्हणतात. तिला दोन तोंडे. एकातून गरम ऑइल कूलरकडे जाते, दुसऱ्यातून निवून परत येते. आटे तुमच्या इंजिनाचेच हवेत, ‘जवळपास बसते’ चालत नाही. चकतीच्या जाडीने फिल्टर बाहेर येतो. तो धुऱ्यावर घासणार नाही ना, ते वाकून पाहा.

चकती घेताना आत थर्मोस्टॅट असलेली घ्या, थोडी महाग पडली तरी. ऑइल ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापेपर्यंत तो कूलरची वाट बंद ठेवतो. तुम्ही म्हणाल, थंड राहिले तर बरेच की! नाही. ज्वलनातून थोडे पाणी ऑइलमध्ये उतरतच असते. ऑइल नीट तापले तरच ते वाफ होऊन जाते. नवेगावबांधकडची पौषातली पहाट आठवा. तेव्हा थर्मोस्टॅट नसलेला कूलर ऑइलला तापूच देत नाही, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा पांढरा फेस जमतो. तो दिसला तर समजा की ऑइलमध्ये पाणी आहे.

पाइप हा सगळ्यात नाजूक भाग. फवारणीच्या पंपाची नळी किंवा पेट्रोलची नळी आणि वर तारेचा वळसा, हे चालणार नाही. आत ऑइलचा दाब दोन ते चार किलोचा असतो, थंडीत सुरू करताना त्याहून जास्त, आणि ऑइल शंभर अंशांच्या वर. गरम ऑइल सोसणारा, तारेची वीण असलेला पाइप घ्या, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले नट असलेला. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणारे तालुक्याला असतात, त्यांच्याकडे माप द्या. सायलेन्सरपासून चार बोटे तरी दूर ठेवा. तापलेल्या सायलेन्सरवर ऑइलची धार पडली आणि शेजारी पेट्रोलची टाकी, पुढचे मी लिहीत नाही.

कूलर कुठे बसवायचा, यात बरेच जण फसतात. मोटरसायकलला पुढे लावतात, कारण ती पन्नास-साठच्या वेगाने जाते आणि वारा आपोआप लागतो. आपली गाडी पांदणीने माणसाच्या चालीने जाते. पुढे लावलेल्या कूलरला वारा कुठला? मग कुणी हुशारी करतो आणि कूलर इंजिनाच्या पंख्याच्या तोंडासमोर बसवतो. जर्मनीच्या फोक्सवॅगनने आपल्या बीटल मोटारीत वर्षानुवर्षे साधारण असेच केले होते. तिचे इंजिनही हवेवरचे, चार सिलिंडरचे. ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरातच उभा होता, आणि त्यातून तापून निघालेला वारा तिसऱ्या सिलिंडरवर जाई. तोच सिलिंडर जास्त तापायचा, त्याचाच व्हॉल्व्ह जळायचा, हे तिचे मिस्त्री जाणून होते. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला काढून त्याला वाऱ्याची स्वतंत्र वाट दिली. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे उमगायला वेळ लागला ते आपण फुकट शिकू. कूलर बाजूला, स्वतंत्र, आणि त्याला बारा व्होल्टचा छोटा पंखा. असा पंखा पाच-सहा अँपिअर घेतो. इंजिनाची चार्जिंग तेवढे देते का, ते आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, नाहीतर संध्याकाळी बॅटरी बसेल. तापल्यावरच चालू होणारे स्विच पंख्याला लावले तर उत्तम.

चाकाचा चिखल उडेल अशा जागी कूलर ठेवू नका. चिखलाने लिंपलेला कूलर म्हणजे गोवऱ्या थापलेली भिंत. चौकटीला रबरावर बसवा, नाहीतर व्ही इंजिनाच्या थरथरीने त्याचे कान तुटतात. पाइपची तोंडे वरच्या बाजूला आली तर आत हवा अडकून राहत नाही.

आणि एक विसरले जाते. कूलर आणि पाइपमध्ये पाव लिटरच्या आसपास ऑइल मावते. जोडणी झाली की इंजिन दोन मिनिटे ओझ्याविना चालवा, दाबाचा दिवा विझतो का पाहा, बंद करा, पाच मिनिटांनी काडी बघा आणि कमी झालेले भरा. हे न करता तसेच शेतात गेलेले लोक मी पाहिले आहेत. पहिला आठवडाभर रोज सकाळी जोडांखाली कागद ठेवून थेंब पडतो का पाहा.

गाडीबद्दलही एक सांगणे आहे, पोराला आवडले नाही तरी. अशी घरी बांधलेली गाडी शेतात आणि पांदणीत ठीक. डांबरी रस्त्यावर नोंदणी नसलेली गाडी नेणे कायद्याला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जुगाड गाड्यांनाही मोटार वाहन कायदा लागू होतो असे स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर विमा नाही, आणि भरपाई घरावर येते. त्यात माणसे बसवून आठवडी बाजाराला तर मुळीच नेऊ नये.

रोहिणी नक्षत्रात त्याने नवा कूलर बसवला. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाळीचा तोच चढ, तेच बारा कट्टे. ४३ अंशांच्या दुपारी ऑइल १०२ होते. थर्मोस्टॅटची चकती मात्र त्याला मिळाली नव्हती, साधीच बसवली आहे. म्हणून सकाळी कूलरपुढे सरकवायला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठेवला आहे. चकती आली की बदलीन म्हणाला. आईने भंगारातल्या कूलरचे काय केले म्हणून विचारले, तर तो परसात कारल्याच्या वेलाला आधार झाला आहे.

पऱ्हे वाहायचे दिवस आले की ऑइलचा ताप रोज वहीत लिहायला त्याला सांगितले आहे. ती वही आली की आकडे याच पानावर देईन. तुमच्यापैकी कुणी अशा इंजिनाबद्दल विचारणार असेल तर पत्रात इंजिनाच्या पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, फिल्टर आहे की नाही ते लिहा, आणि त्याआधी एकदा कव्हर उघडून उंदीर आहे का ते पाहा.